संमती गृहीत

६ जानेवारी

प्रिय नकाशेबुवा,

तुझं पत्र पोचलं. नोकरी लागून सहा महिने झाले तरी मावशीला चार ओळी लिहायची आठवण राहते, म्हणजे अजून अगदीच साहेब झालेला नाहीस. फोन घे म्हणतोस, पण फोनवर मला हल्ली अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. त्यापेक्षा पत्र बरं. ते पुन्हा वाचता येतं, आणि वाचताना तू मध्येमध्ये बोलत नाहीस.

इकडे प्रबंधांचा हंगाम आहे. महिनाअखेरीला सगळ्यांना प्रबंध द्यायचे असतात, त्यामुळे माझ्या बांधणीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. खळ वाळायला वेळ लागतो हे या विद्वानांना समजावता समजावता माझा घसा बसला. परवा एकाने विचारलं, "पुठ्ठ्यावर मार्गदर्शकांचं नाव माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात टाकता येईल का?" म्हटलं, टाकते की, पण मग आत लिहिलंय कुणी तेही खरंखरं टाकावं लागेल. बिचारा लाजला.

एक विचारायचं होतं. गेल्या आठवड्यापासून तीन पायांच्या दुर्बिणीवाले गल्लीत येतायत. विद्यापीठाच्या मागच्या भिंतीपासून माझ्या पायरीपर्यंत मोजलं आणि पायरीवर लाल रंगाची फुली मारून गेले. मी विचारलं तर म्हणाले, "आम्ही फक्त मोजतो." शेजारचा थोरला घड्याळजी म्हणतो विद्यापीठ गल्ली गिळणार. तो तसा रोजच काहीतरी म्हणतो, पण या वेळी मी ते हसण्यावारी नेलं नाही. तुझ्या ऑफिसात असलीच कामं चालतात ना? काही कानावर आलं तर कळव.

तुझी,
मावशी

१५ जानेवारी

प्रिय मावशी,

दुर्बिणीवाले आमचेच. काम नोव्हेंबरातच आमच्या ऑफिसला मिळालं होतं, पण बाहेर बोलायचं नाही असं साहेबांनी बजावलं होतं, म्हणून तुला लिहिलं नाही. रागावू नकोस.

विद्यापीठाला चारशे मुलींचं वसतिगृह आणि एक प्रयोगशाळा बांधायची आहे. तीन बाजूंनी रस्ते आहेत, चौथ्या बाजूला आपली गल्ली. भिंतीला लागून असलेली सात घरं घ्यावीत असा त्यांचा विचार आहे. अजून ठरलेलं काही नाही. मे महिन्यात समितीसमोर सुनावणी होईल. त्याआधी रहिवाशांचं म्हणणं काय, त्यांच्या अडचणी काय, याचा अहवाल आमच्या ऑफिसने द्यायचा आहे. आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण मी साहेबांना सांगितलं की ही गल्ली मला तोंडपाठ आहे.

वसतिगृह मला हवंसं वाटतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पहिल्या वर्षी माझा नंबर लागला नव्हता तेव्हा मी तुझ्या कापणीच्या टेबलावर झोपायचो, आठवतं? मला निदान मावशी होती. आता मुली सहा-सहा जणी एका खोलीत राहतात. काही शिक्षण सोडून घरी गेल्या. पण म्हणून गल्लीतल्या माणसांवर नांगर फिरवायचा, असं मला मुळीच वाटत नाही.

आमच्या छापील तक्त्यात घरात माणसं किती, खोल्या किती, एवढंच असतं. त्यात माणूस दिसत नाही. तू मला घराघराचं लिही, तुझ्या पद्धतीने, काही न गाळता. कुणाची काय अडचण आहे ते नेमकं कळलं तर मला त्यांच्या बाजूने बोलता येईल.

तुझा,
नकाशेबुवा

२४ जानेवारी

प्रिय नकाशेबुवा,

तुझ्याकडे काम आहे हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आता ऐक. तूच सांगितलंस काही गाळू नकोस, तेव्हा कंटाळलास तर दोष तुझा.

तीन नंबरमध्ये दोघे घड्याळजी भाऊ, थोरला खाली, धाकटा वर. दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी यावं यावरून बोलणं बंद झालं त्याला आठ वर्षं झाली. मधली तार मी. "दादाला सांगा टाकी भरली." "त्याला सांगा मला दिसतंय." जगाची घड्याळं जुळवतात, पण दोघे एका वेळी जेवत नाहीत. घर सोडायचं दोघांच्याही मनात नाही. पण थोरला नाही म्हणाला की धाकटा हो म्हणणार, हे मी लिहून देते.

पाच नंबरच्या शिवणवाल्या वहिनी तुला माहीतच आहेत. विद्यापीठाच्या पदवीदानाचे काळे झगे अजून त्याच शिवतात. त्यांच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच मान टाकली. तेव्हापासून त्या वरच्या मजल्यावर गेलेल्या नाहीत, मशीनशेजारीच अंथरूण घालतात. मुलाला पत्ता नाही. तो यायचा असला की वरच्या गाद्या उन्हात टाकल्यात म्हणून सांगतात, आणि खरोखर टाकाव्या लागतात, त्या मी टाकते. मुलाला कळलं तर तो उचलून आपल्या घरी नेईल. तिथे मशीन ठेवायला जागा नाही. "तिथे मी नुसती आजी होऊन बसेन," म्हणतात. हे त्यांनी फक्त मला सांगितलंय.

सात नंबरचे कवायतमास्तर. तुला आडव्या उड्या मारायला लावायचे तेच. सकाळी शिट्टी घेऊन फिरायला निघतात तेव्हा ताठ असतात. दुपारचं जेवण झालं की सगळं पुसलं जातं. सकाळी घेतलेला पेपर दुपारी पुन्हा घेतात, पेपरवाला दुसरा अंक गुपचूप माझ्याकडे आणून देतो. गेल्या महिन्यात तीनदा मला विचारलं, "यजमान घरी आहेत का?" तुझे काका जाऊन नऊ वर्षं झाली. मी म्हणते, "आत्ताच बाहेर गेले." ते म्हणतात, "मग येतो सावकाश." त्यांची मुलगी दूरदेशी असते, तिला गल्लीतलं कुणी काही कळवत नाही. सगळी गल्ली मिळून त्यांना सांभाळते म्हटलंस तरी चालेल.

माझं काय लिहू? माझं तुला माहीतच आहे.

हे सगळं तुझ्यापुरतं बरं का. पोटातलं आहे, ओठावर आणू नकोस.

तुझी,
मावशी

२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. गाद्यांचं वाचून हसलो, आणि मग नाही हसलो.

घाईत आहे, तीनच गोष्टी विचारतो. मास्तरांना नेमकं किती वाजेपर्यंत ठीक असतं? म्हणजे अधिकाऱ्यांना त्याआधीच जायला सांगेन. वहिनींचा मुलगा कुठे कामाला आहे? त्यांना नव्या इमारतीत तळमजल्यावर घर मिळवून देता येईल, अशी योजना आहे. आणि घड्याळजींचा वरचा मजला कागदोपत्री वेगळा आहे का?

सगळं त्यांच्या भल्यासाठीच विचारतोय.

तुझा,
नकाशेबुवा

११ फेब्रुवारी

प्रिय नकाशेबुवा,

मास्तर बारापर्यंत. वहिनींचा मुलगा पाणीपुरवठा खात्यात. आणि हो, वरचा मजला वेगळा लावलेला आहे. वडिलांनी जायच्या आधी स्वतःच करून ठेवलं. पोरांना ओळखून होते.

किती बारकाईने विचारतोस रे! मला भरून आलं. वहिनींना मी सांगून टाकलं की आपला मुलगाच तिथे बसलाय, आता कुणी घाबरायचं कारण नाही. त्यांनी लगेच तुझ्यासाठी सदरा शिवायला कापड काढलं. माप पाठव. जुन्या मापाचा शिवला तर तुझं साहेबी पोट मावणार नाही.

तुझी,
मावशी

२० मार्च

प्रिय नकाशेबुवा,

तुझं माप आलं नाही, पत्रही नाही. मी मात्र लिहितेय, कारण इथे उलथापालथ झालीय.

विद्यापीठाचे मालमत्ता अधिकारी आठवडाभर गल्लीत फिरतायत. वहिनींकडे ते गेलेच नाहीत. गेले सरळ पाणीपुरवठा खात्यात, त्यांच्या मुलाकडे. "तुमच्या आई दोन वर्षं जिना चढलेल्या नाहीत, तुम्हाला माहीत नाही?" मुलगा त्याच संध्याकाळी आला. आईला म्हणाला, "वर चल, माझ्यासमोर चल." त्या दोन पायऱ्या चढल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मी दारातून पाहिलं.

घड्याळजींकडे आधी थोरल्याला भेटले. तो नाही म्हणाला. अर्ध्या तासाने वर गेले आणि धाकट्याकडून होकार घेऊन उतरले.

मास्तरांकडे गेले दुपारी तीन वाजता. सही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कागदाची प्रत हातात घेऊन माझ्याकडे आले. "ही सही माझी आहे. पण मी केलेली नाही." काय सांगू त्यांना?

गल्लीतलंच कुणीतरी फितूर आहे, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. वहिनी धाकट्या घड्याळजीवर संशय घेतात, तो पेपरवाल्यावर घेतो. काल नळावर पेपरवाल्याला लोक वाटेल ते बोलले, आज तो आलाच नाही. मीही बोलले त्याला. तू तिथे आहेस, जरा शोध घे. त्यांना कोण सांगतंय हे कळायलाच हवं.

तुझी,
मावशी

२ एप्रिल

प्रिय मावशी,

कामाचा फार ताण आहे, म्हणून उशीर.

अधिकाऱ्यांचे मार्ग त्यांचे त्यांचे असतात, आम्हाला ते सांगत नाहीत. मास्तरांच्या सहीबद्दल त्यांच्या मुलीने हरकत अर्ज दिला तर विचार होऊ शकतो. पेपरवाल्याला उगीच बोलू नका.

सुनावणी बारा मेला आहे. फार गर्दी आणि आरडाओरडा असतो. तू आली नाहीस तरी चालेल. तुझ्या घराची काळजी करू नकोस, ते मी बघतोय.

तुझा,
भाचा

२१ एप्रिल

भाच्या,

विद्यापीठाचं बांधणीचं काम तीस वर्षं माझ्याकडे येतं, तुला ठाऊक आहे. काल त्यांचा शिपाई एक गठ्ठा टाकून गेला. "बारा प्रती, कापडी पाठ, शुक्रवारपर्यंत." काय आहे हे त्याने पाहिलं नाही, मीही नाही.

दोरा ओवायच्या आधी मी पानं जुळवते. तेव्हा मी वाचत नाही. एका पानाची शेवटची ओळ बघायची, पुढच्याची पहिली बघायची, वाक्य पुढे चालतंय ना एवढंच. शेकडो प्रबंध असे हाताखालून गेले, एकाही विषयात शहाणी झाले नाही. एकोणिसाव्या पानाच्या तळाशी होतं, "थोरल्याने नकार दिल्यास धाकटा". विसाव्या पानाच्या डोक्यावर होतं, "होकार देण्याची दाट शक्यता."

माझे हात थांबले. मग मी खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा बांधायला आलेलं काम वाचून काढलं.

"घर क्र. ५. महिलेस दोन वर्षांपासून जिना चढता येत नाही. मुलास कल्पना नाही. मुलामार्फत बोलणी केल्यास निर्णय लवकर."

"घर क्र. ७. सकाळी भेटावे. दुपारी बारानंतर स्मरण राहत नाही."

तुझ्या अक्षरात नाही, छापील आहे. पण शब्द माझे आहेत. मी ते खळीच्या हाताने, चहा निवू देऊन, तुला लिहिले होते. गादीचं तेवढं गाळलंस.

आणि माझं. माझं शोधायला मला वेळ लागला, कारण ते एका ओळीचंसुद्धा नाही. "घर क्र. ४. संमती गृहीत."

मी पेपरवाल्याला फितूर म्हणाले रे. सगळ्यांसमोर म्हणाले.

सुनावणीला तीन आठवडे आहेत. साहेबांना सांग, हा अहवाल मागे घ्या. ही माहिती कुणी तुम्हाला दिलेली नाही, एका बाईने आपल्या भाच्याला दिली होती. एवढं सांगशील तर मी बाकीचं गिळेन. तुझ्यासाठी मी आजवर बरंच गिळलंय.

मावशी

२७ एप्रिल

प्रिय मावशी,

अहवाल तुझ्याकडे बांधायला जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीस वर्षं तो गठ्ठा तुझ्याकडेच जातो, आणि मला नाही सुचलं. यावर तू म्हणशील, सुचलं असतं तर दुसरीकडे पाठवला असतास. कदाचित पाठवला असता.

त्यात कुणाचं नाव नाही, फक्त घरांचे क्रमांक आहेत. मास्तरांबद्दल मी 'सकाळी भेटावे' असंच लिहिलं होतं. त्यांच्या भल्यासाठी लिहिलं होतं. कच्चा मसुदा मार्चमध्येच अधिकाऱ्यांकडे गेला होता, पण ते लोक तेच वाचून दुपारी जातील असं मला स्वप्नातही वाटलं नाही. वहिनींना तळमजल्याचं घर खरंच मिळणार होतं. साहेब म्हणाले, जशा अडचणी लिहिल्यास, तशी त्यांच्यावरची वाटही लिही. मी लिहिली. लिहिताना मला वाटत होतं मी मदत करतोय.

आता अहवाल माझा राहिलेला नाही. साहेबांची सही झाली आहे. मागे घ्या म्हटलं तर मी उद्या रस्त्यावर येईन, आणि अहवाल तरीही जाईल. ही नोकरी मला कशी मिळाली ते तू बघितलंयस.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. तुझ्यापुढे मी 'संमती गृहीत' लिहिलं, कारण तू मला कधीच नाही म्हणालेली नाहीस. टेबलावर झोपू का विचारलं तेव्हाही नाही, फी भरायला तू सोन्याच्या बांगड्या काढल्यास तेव्हाही नाही. मला खरंच वाटलं की तू हो म्हणशील.

आणि मला सांग, चारशे मुलींना छप्पर देणं चूक आहे का?

तुझा,
भाचा

१६ मे

भाच्या,

सुनावणीला तू तिथेच होतास, तरी लिहितेय. कारण तू सगळा वेळ मान खाली घालून बसला होतास, तेव्हा काही दिसलं असेल असं वाटत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वसतिगृह चूक नाही. समितीसमोर ती मुलगी बोलली ना, सहाजणी एका खोलीत, पाळीपाळीने झोपतो म्हणाली, ती खरं बोलत होती. जानेवारीत तिचा प्रबंध मी बांधला होता. थोरला घड्याळजी मला हळूच म्हणाला, "पोरगी बरोबर सांगते." समोरासमोर बसवून विचारलं असतं तर कुणास ठाऊक, यातून काहीतरी वाट निघाली असती. सात नाहीत, तरी चार घरं दिली असती. पण आम्हाला कुणी विचारलंच नाही. आमची कुलपं कुठून उघडतात तेवढं शोधलं.

प्रती परत द्यायच्या आधी मी अहवालातल्या नोंदी हाताने उतरवून घेतल्या होत्या, सुनावणीच्या आदल्या आठवड्यात त्या घेऊन घरोघरी गेले. प्रत्येकाला त्याची त्याची वाचून दाखवली, आणि म्हटलं, हे मी सांगितलं. वहिनी झग्याची काठपट्टी घालत होत्या. त्यांनी टाका संपवला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "जाताना दार ओढून घ्या." इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदा 'घ्या' म्हणाल्या. पेपरवाल्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे ताई." दुसऱ्या दिवसापासून पेपर टाकायचा बंद झाला.

बाराही प्रती मी बांधून दिल्या. काम घेतलं होतं.

सुनावणीला येताना तुझी सगळी पत्रं पिशवीत होती. ती बाहेर काढायची नाहीत असं ठरवून आले होते, खरं सांगते. हे शब्द माझे आहेत आणि ते विश्वासाने सांगितलेले होते, एवढंच बोलायचं. तुझं नावसुद्धा घ्यायचं नाही. मनात शंभरदा पाठ केलं होतं.

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही माहिती कशी गोळा केली?" आणि तू उठून म्हणालास, "प्रत्यक्ष पाहणी करून. प्रत्येक घरी जाऊन."

एकदाही आला नव्हतास रे. माझ्याकडेसुद्धा.

मास्तर माझ्या शेजारी बसले होते. तीन वाजून गेले होते. त्यांनी माझ्याकडे वाकून कौतुकाने विचारलं, "हा आपलाच मुलगा ना? छान बोलतो." तेव्हा मी उठले. पिशवीतून पत्रं काढली आणि अध्यक्षबाईंच्या हातात दिली. तुझी फेब्रुवारीतली तीन प्रश्नांची चिठ्ठी सगळ्यात वर होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली. तुझे साहेब तुझ्याकडे बघत होते, आणि तू तेव्हा पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलंस. दहा वर्षांचा असताना पुठ्ठा कापताना बोट कापलं होतंस, तेव्हा असाच बघत होतास.

पुढचं तुला ऑफिसातून कळलंच असेल. अहवाल बाद झाला. मास्तरांची सही रद्द झाली. आता दुसरे लोक येणार, प्रत्येकाला सगळ्यांसमोर विचारणार, सहा महिने लागणार. लोक म्हणतात आपण जिंकलो. पण धाकट्या घड्याळजीने दिलेला होकार मागे घेतला नाही, वरच्या मजल्यावर विद्यापीठाचं कुलूप लागलंय. आणि गेल्या सोमवारी वहिनींना त्यांचा मुलगा घेऊन गेला. जे कळलं ते त्याला परत न कळलेलं कसं करणार? मशीन मागे राहिलंय. खिडकीतून दिसतं.

माझ्याशी गल्लीत सगळे बोलतात. नमस्कार, चमत्कार, पाणी आलं का. त्यापुढे कुणी काही बोलत नाही.

मी तुझं नुकसान केलं. मला ते ठाऊक आहे. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा उठेन, आणि पुन्हा असंच रडत घरी येईन.

मावशी

९ जुलै

प्रिय मावशी,

दोन महिने तुला पत्र पाठवलं नाही. पहिला महिना तुझ्यावर रागावलेलो होतो. मला काढलं त्या दिवशी तर इतका, की तुझ्या नावाचं पाकीटही लिहिलं होतं. टाकलं नाही, बरं झालं.

आता एका ठेकेदाराकडे सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढतो. जागा लहान आहे, माणसं बरी आहेत. इथे कुणाच्या घरात काय चाललंय ते विचारावं लागत नाही, उतार किती आहे तेवढा विचारला की पुरतं.

मावशी, मी चुकलो. 'पाहणी करून' असं म्हणालो तेव्हा ते खोटं आहे हेही मला जाणवलं नाही, इतकं ते पाठ झालं होतं. तुझं पत्र वाचताना मला खरंच गल्लीत फिरून आल्यासारखं वाटायचं. मी तुझ्या डोळ्यांनी बघत होतो आणि समजत होतो की आपणच बघतोय.

वहिनींना भेटून माफी मागायची आहे. त्यांचा पत्ता कळव. मास्तर कसे आहेत? दोघे भाऊ बोलतात का? मला पहिल्यासारखं पत्र लिही. काहीही लिही, एखाद्या प्रबंधवाल्याचा मूर्खपणा लिही. इथे संध्याकाळी खोलीवर आलो की टपाल बघतो. इतर कुणाचं पत्र येणार नाही हे माहीत आहे.

तुझा,
नकाशेबुवा

३० जुलै

चिरंजीव भाच्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नोकरी लागली हे वाचून बरं वाटलं. वेळेवर जेवत जा.

तुला उत्तर लिहायला मी तीनदा बसले. एकदा दोन पानं भरली, तुला आवडली असती अशी. पुन्हा वाचली तर प्रत्येक ओळीत मी कुणाच्या ना कुणाच्या घरात शिरले होते. ती फाडली.

वहिनींचा पत्ता माझ्याकडे आहे. त्यांना विचारल्याशिवाय तो देता येणार नाही, आणि विचारायला जायचा धीर मला अजून झालेला नाही. बाकीच्यांचं तू विचारलंस. त्यांचं त्यांना विचार. इथे येऊन, दारात उभा राहून विचार. सांगायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील.

तुझ्यावरची माया आटलेली नाही. आटली असती तर सोपं गेलं असतं.

माझ्यापुरतं लिहिते. मी बरी आहे. काम चालू आहे.

मावशी